गणपतीत दारू बंद केली की काका आजारी पडतात. सोडवायची तरी कशी?

खाडीपलीकडे
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. दापोली तालुक्यात किनाऱ्याला आमचं गाव. सख्खे काका, वय ५६, स्वतःची बोट. रोज संध्याकाळी दारू असतेच, आणि आता सकाळी बंदरावर जायच्या आधीही लागते. ती पोटात जाईपर्यंत हात इतके कापतात की कपातला चहा बशीत आणि बशीतला लुंगीवर. काकी हल्ली त्यांना तांब्यात अर्धा चहा देते, तोही ते दोन्ही हातांनी धरतात.

पण घरात गणपती असतो तेवढे दिवस थेंब घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. आणि दरवर्षी त्याच दिवसांत आजारी पडतात. गेल्या वर्षी हद्द झाली. चतुर्थीच्या रात्री घाम आणि कापरं. ऋषिपंचमीला दुपारी फिट आली, जीभ चावली गेली. गौरी आल्या त्या रात्री माजघरात उभे राहून "पाय अडकतोय, दोर सोडा रे" म्हणून ओरडत होते आणि नसलेलं जाळं दोन्ही हातांनी ओढत होते. वाडीत दोन मतं पडली. गौरीच्या ओवशात काहीतरी चुकलं, हे एक. दारू तोडली म्हणून झालं, पाजा, हे दुसरं. दुसऱ्या मतवाल्यांनी पाजली आणि सकाळपर्यंत काका बरेच शांत झाले. मला तर त्याचीच जास्त भीती वाटली.

आता जुलै चालू आहे, गणपती तोंडावर आलेत. एकदम सोडणं खरंच वाईट का? आणि काकीला कोणीतरी चहात गुपचूप टाकायची गोळी सांगितली आहे. ती द्यावी का?

तिरफळ
वाचतेय. काकींचं कौतुक वाटतं. तांब्याचं सुचायलाही घरात बरंच काही बघावं लागतं.

रोखठोक_रत्नांग्रीकर
कोणाला राग येईल, पण सगळा मनाचा खेळ आहे. माझ्या आजोबांनी आषाढीला गळ्यात माळ घातली, त्या दिवसापासून दारू आणि मटण दोन्ही बंद. ना फिट, ना डॉक्टर. काकांना नेम पाळता येतो म्हणजे मनाची ताकद आहे. चार दिवस त्रास होणारच, सोसावा.

निवतीचो_दर्यावर्दी
मनाचो खेळ नाय ओ दादानू. माझो मेवणो ट्रॉलरवर आसा. बोट आठ-दहा दिस दर्यात, बोटीर दारू बंद. नवीन खलाशी येता, पयल्या दिसा बरो, दुसऱ्या दिसा हात थरथरतत, जेवक नको, झोप नाय. तांडेल म्हणता दर्या लागलो. अरे, पंधरा वर्सां दर्यात काढलेल्या माणसाक आता दर्या खयसून लागतलो? एकदा एकाक फिट इली आणि तो पडता पडता वाचलो. तेवापासून मेवणो बोटीर घेवच्या आधी इचारता, "सकाळची लागता काय रे?" लागता म्हटल्यान तर पयलो डॉक्टराकडे धाडता.

डॉ_सुरंगी
मेव्हण्यांनी विचारलेला प्रश्न आम्हीही पहिला विचारतो. मी मनोविकारतज्ज्ञ, किनाऱ्यावरच्याच एका गावात काम करते. सविस्तर लिहिते.

मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींना शांत करतं आणि ग्लुटामेट त्यांना उत्तेजित करतं. दारू गाबाचा परिणाम वाढवते, ग्लुटामेटचा दाबते. रोज, वर्षानुवर्षं असं झालं की मेंदू स्वतःची मांडणी बदलतो: गाबाला कमी दाद देतो, ग्लुटामेटचे ग्राहक (पेशीवरच्या त्याला पकडणाऱ्या जागा, रिसेप्टर) वाढवतो. होडीत एका बाजूला जड पाटी ठेवली म्हणून सगळे खलाशी दुसऱ्या बाजूला सरकून बसलेत असं समजा. पाटी अचानक उचललीत, तर होडी उलट्या बाजूला कलंडणार. खलाशांना परत जागेवर यायला काही दिवस लागतात, आणि धोका त्याच दिवसांत असतो.

आता धागाकर्त्यांनी दिलेल्या तिथी बघा. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते १२ तासांत कापरं, घाम, धडधड, उलटी: चतुर्थीची रात्र. फिटचा काळ साधारण ४८ तासांपर्यंत: ऋषिपंचमी. ४८ ते ९६ तासांत भ्रम, नसलेली माणसं आणि वस्तू दिसणं, ताप, वेळकाळाचं भान जाणं, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स: गौरी आल्या ती रात्र. गौरीचा यात काही दोष नाही. जाळं ओढण्याचंही नवल नाही. या भ्रमात माणूस बऱ्याचदा आपलं रोजचं काम करतो, शिंपी सुई ओवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो. उपचार नसतील तर यात माणसं दगावतात, आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक सगळे वाचतात.

रोखठोक, तुमच्या आजोबांना नमस्कारच. पण सगळ्यांना एवढा त्रास होत नाही. किती, किती वर्षं, सकाळी लागते का, पूर्वी सोडताना फिट आली होती का, यावर ते ठरतं. आणखी एक. दरवर्षी सोडून परत सुरू केल्याने काकांची पुढची वेळ आधीच्यापेक्षा जड जाण्याची शक्यता वाढत जाते. याला किंडलिंग म्हणतात. म्हणजे काकांचा नेम जितका पक्का, तितका दरवर्षीचा गणपती अधिक धोक्याचा. यंदा घरच्या घरी प्रयोग अजिबात नको.

पॉपकॉर्नवाला
डॉक्टर, तुमच्या होडीतल्या खलाशांनी आधी पाटीतलीच प्यायली असणार. 😀

रोखठोक_रत्नांग्रीकर
ठीक. किंडलिंग नवीन कळलं. पण मग पाजणारे बरोबर होते म्हणायचे का?

डॉ_सुरंगी
त्यांनी लक्षण बरोबर ओळखलं, उपाय चुकीचा केला. दारूने कापरं थांबतं, कारण मेंदूला हवं ते मिळतं. आम्हीही गाबावरच काम करणारं औषध देतो, बहुतेक वेळा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, यकृत खराब असेल तर लोराझेपाम. फरक एवढाच की ते संथपणे उतरतं, आणि आम्ही मात्रा रोज कमी करत काही दिवसांत बंद करतो. मात्रा इथे लिहिणार नाही, कोणी विचारू नये. त्यासाठी नाडी, रक्तदाब, यकृत बघावं लागतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की "डॉक्टर, एक सलाईन लावा". वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१, संपत आलेलं असतं. अशा माणसाला थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. डोळे फिरणं, तोल जाणं, गोंधळणं, म्हणजे वर्निके नावाचा मेंदूचा आजार, आणि पुढे स्मृती कायमची जाऊ शकते. म्हणून सलाईन लावणाऱ्याला आधी सांगा: माणूस पिणारा आहे.

कोकम_आगळ
बाप रे. आमच्याकडे दर शिमग्यानंतर निम्मी वाडी सलाईनवर असते.

फक्त_आजचा_दिवस
मी स्वतः दारूडा, सध्या न पिणारा. डॉक्टरांनी सांगितलं ते शरीराचं झालं. माझं कापरं पाच दिवसांत गेलं. पण शनिवार संध्याकाळ काही गेली नाही. हात थांबले तरी पाय आपोआप त्याच वाटेला वळत. मला एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या) सभांचा उपयोग झाला. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी सुरू केलेली ही गोष्ट आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या खोलीत चालते. प्लास्टिकच्या खुर्च्या, काळा चहा आणि एकमेकांच्या थापा ओळखणारी माणसं. तिथे "मी रोज घेत नाही, फक्त मासळी चांगली असेल तेव्हा" असं कोणी म्हणालं की सगळे हसतात. बोटीवाल्याकडे मासळी चांगली कधी नसते?

काका तयार असतील तर सभेला आणा. तयार नसतील तर काकीने स्वतःसाठी ॲल-ॲनॉनला जावं, ते घरच्यांसाठी असतं.

केमिस्ट_चिपळूणचा
चहातल्या गोळीबद्दल. माझ्या दुकानात महिन्याला कोणी ना कोणी येऊन कानात विचारतं, "ती दारू सुटायची द्या ना." ती डायसल्फिराम. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते पुढे मोडतं. ही गोळी ते पुढचं मोडणं अडवते. वर दारू पडली की चेहरा लाल, डोकं ठणकतं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. हृदय कमजोर असेल तर जीवावर बेततं. ज्याला माहीतच नाही तो पिणारच, आणि रात्री दोनला तुम्ही १०८ ला फोन करणार. ज्याला माहीत आहे, ज्याने स्वतः होकार दिला आहे, त्याच्यासाठी ती चांगली कुंपण ठरते. पण शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्यावरच, डॉक्टरांच्या देखरेखीत. गोळी थांबवली तरी परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

आणि गंमत म्हणजे नुसती बाटली टाळून भागत नाही. कुमारी आसव, दशमूलारिष्ट यांतही आंबवण्यातून आलेली दारू असते. काही खोकल्याच्या औषधांत असते. एका गृहस्थांनी गोळी चालू असताना पचनासाठी अरिष्ट घेतलं आणि तोंड शिजलेल्या तिसऱ्यासारखं लाल करून दुकानात आले.

तिरफळ
तिसऱ्या शिजवून लाल कुठे होतात? कोळंबी म्हणा. 😄

केमिस्ट_चिपळूणचा
ताई, मान्य. घाटावरून आलोय, मासळी अजून शिकतोय.

काजूबी
प्रश्न वेगळा आहे पण विचारते. आमच्याकडे काजूच्या मोसमात हुर्राक, बाकी वेळ माडी. ही नैसर्गिक, अंगाला बाधत नाही, सवय लागते ती इंग्लिशची, असं सगळे म्हणतात.

डॉ_सुरंगी
काजूची असो, माडाची असो की सीलबंद, आत इथेनॉलच. कशात किती आणि माणूस किती पितो, एवढाच फरक. वेगळी भीती बेकायदा दारूत मिसळलेल्या मिथेनॉलची. ते यकृतात मोडून फॉर्मिक ॲसिड होतं, डोळ्याची नस जाते, रक्त आम्लधर्मी होतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं यातच गेली. प्यायल्यावर काही तासांनी धुरकट दिसायला लागलं, पोटात दुखू लागलं, तर "उतरेल" म्हणून वाट बघत बसू नये.

पॉपकॉर्नवाला
ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती, आठवतंय का? आमच्या इथली पोरं महिनाभर पहाटे "फिरायला" जायची. व्यायामाची एवढी आवड कधी बघितली नव्हती. तर गांजा-चरसची सवयच लागत नाही म्हणतात, ते खरं का?

डॉ_सुरंगी
नाही. लागते, पण दारूसारखी जीवघेणी माघार, म्हणजे सोडल्यावरचा त्रास, त्यात सहसा नसते. गांजातला नशेचा घटक, टीएचसी, चरबीत साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो, म्हणून त्रास एक-दोन दिवसांनी सुरू होतो: चिडचिड, झोप नाही, भूक नाही, विचित्र स्वप्नं. दोनेक आठवड्यांत ओसरतो. गांजा एकदम सोडला तरी चालतो. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत, घरात मनोविकाराचा इतिहास असेल तर, भ्रमाचे आजार सुरू होण्याची भीती मोठी. माझ्याकडे येणारी पोरं गांजा सोडायला येत नाहीत. "शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात" म्हणून आई घेऊन येते.

केमिस्ट_चिपळूणचा
एकदम सोडायचं काय आणि उतरवत न्यायचं काय, हे लोकांना माहीतच नसतं. झोपेच्या गोळ्यांचंच बघा. मुलगा मुंबईला, आजी एकटी, झोप येत नाही म्हणून कधीतरी कोणी अल्प्राझोलाम लिहून दिली. तीच चिठ्ठी वर्षानुवर्षं चालते. एक दिवस मुलगा येतो, "आई, ही कसली सवय" म्हणून पट्टी कचऱ्यात टाकतो. तिसऱ्या दिवशी आजी घामाघूम, कधी फिटसुद्धा. तीही गाबावरचीच गोळी, दारूच्याच घरातली. ती आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उतरवायची असते. ही औषधं २०१४ पासून एच-१ यादीत आहेत, चिठ्ठी आणि रजिस्टरशिवाय देता येत नाहीत. मी देत नाही म्हणून दोन गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली, जाऊ देत.

आणि दारू पिणाऱ्याने वरून ही गोळी घेऊ नये. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

निनावी_२
नाव बदलून लिहितो. माझा धाकटा भाऊ मुंबईत गर्द (ब्राऊन शुगर) घ्यायचा. लॉकडाऊनमध्ये गावी आणला, मिळेना, तेव्हा त्याची माघार डोळ्यांनी बघितली. जांभया, नाक गळतंय, अंगावर काटा, जुलाब, पाय झाडतोय. रात्रभर पडवीच्या लाद्यांवर लोळायचा, गार लागतं म्हणून. आम्हाला वाटलं हा जातोच. आठवड्यात उठला, मच्छीचं कालवण चापून खाल्लं. आम्ही म्हटलं सुटला. मुंबईला परत गेला आणि पहिल्याच वेळी पूर्वीइतकीच घेतली. बेशुद्ध पडला, नशिबाने बरोबरच्यांनी दवाखान्यात नेला.

आता डॉक्टर त्याला ब्युप्रेनॉर्फिन देतात, दोन वर्षं झाली. मुलगा कामाला जातो. पण वडील रोज म्हणतात, एक नशा सोडवून दुसरी लावली. काय सांगू त्यांना?

फक्त_आजचा_दिवस
प्रामाणिकपणे सांगतो, मलाही तसंच वाटतं. गोळीवर जगणं म्हणजे सुटणं नव्हे.

डॉ_सुरंगी
इथे माझं तुमच्याशी जोरदार भांडण आहे. गर्दची माघार भयंकर असते पण सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो नंतर. आठवडाभरात शरीराची सहनशक्ती उतरते, माणूस मात्र जुनीच मात्रा घेतो आणि श्वास थांबतो. तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस म्हणूनच सगळ्यात धोक्याचे.

ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत गर्द जिथे चिकटते त्याच ग्राहकांना घट्ट चिकटतं, पण अर्धवटच चालू करतं. एका मर्यादेपुढे त्याचा परिणाम वाढत नाही. तलफ शमते, श्वास सहसा दबत नाही, आणि वरून गर्द घेतली तरी तिला फारशी जागा उरत नाही. वडिलांना एवढंच विचारा: नशेतला मुलगा पहाटे उठून कामाला जायचा का? मधुमेहाची गोळी दोन वर्षं चालू आहे म्हणून आपण कोणाला टोमणे मारत नाही. औषध कधी कमी करायचं हे डॉक्टर आणि मुलगा मिळून ठरवतील, घाई करू नका.

कायद्याचीही भीती बाळगू नका. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या ६४अ कलमात, थोड्या मात्रेसह सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

फक्त_आजचा_दिवस
विचार करतो. पटलं असं म्हणत नाही अजून.

शेवंती
सगळे पुरुषांच्याच व्यसनांवर. मशेरीचं काय? सासूबाई रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजतात, घरभर ठसका. "दात घासते" म्हणतात. दिवसातून पाच वेळा कोणाचे दात घासायचे असतात? बंद कर म्हटलं तर पोट साफ होत नाही म्हणतात.

डॉ_सुरंगी
पोटाची तक्रार खरी आहे. निकोटिन आतडी हलवतं, ते बंद झालं की बद्धकोष्ठ होतं. सोबत चिडचिड, भूक, बेचैनी. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग तीन-चार आठवड्यांत ओसरतं. मशेरी एकदम सोडली तरी जिवाला धोका नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र ती चालू ठेवण्यात आहे. सुनांना गरोदरपणात "मळमळ थांबते" म्हणून देतात ते तर पूर्ण बंद करा, बाळाचं वजन कमी भरतं. निकोटिनचा च्युइंगम मिळतो, पण दातांची तपासणी करून मग. तंबाखूसाठी फुकट फोन १८००-११-२३५६, बाकी व्यसनांसाठी १४४४६.

खाडीपलीकडे
मंडळी, उशिरा येतोय, माफ करा. सगळं वाचलं, काकीला वाचून दाखवलं. चहातली गोळी रद्द, ती परत केली.

काकांना समजावणं अवघड गेलं. दवाखाना म्हटलं की "मी काय वेडा आहे?" मग चुलत भावाने डॉक्टरांच्या तिथी त्यांच्यासमोर मांडल्या: चतुर्थीला हे, पंचमीला हे, गौरीला हे. काका गप्प झाले आणि म्हणाले, "म्हणजे बाप्पाचा कोप नव्हता?" गेलं वर्षभर त्यांच्या मनात तेच होतं, हे आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं. त्यानंतर स्वतःच म्हणाले, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बोट वर काढलेली, काय ते आत्ताच करा.

जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केलं. आधी फिट येऊन गेलेली म्हणून घरी उपचार नको म्हणाले. आधी थायमिनची इंजेक्शनं, मग गोळ्या, रोज कमी करत. कापरं झालं, पण फिट नाही, भ्रम नाही. यकृताचा रिपोर्ट फार वाईट नाही, त्यामुळे तलफेसाठी नाल्ट्रेक्सोन सुरू करणार आहेत. काल कपाने चहा प्याले. नर्सबाईंशी भांडण चालू आहे की इथल्या आमटीला चव नाही आणि जेवणात बांगडा का नाही.

एक शंका: घरी आल्यावर गणपतीत चाकरमानी बाटल्या घेऊन येतात, रात्री पडवीत बसतात. ते कसं थांबवू?

निवतीचो_दर्यावर्दी
पयलाच फोन करून सांगा, "यंदा आमच्याकडे नाय." रागावले तर रागावले. काकांका रातीच्या भजनात पखवाजार बसवा, दोन्ही हात अडकलेले रवतत.

फक्त_आजचा_दिवस
आणि काकांच्या खिशात दोन फोन नंबर असू द्यात, रात्री अकरालाही उचलणाऱ्या माणसांचे. एक माझा देतो, व्यनि बघा. नाल्ट्रेक्सोन चालू असताना दुखण्यावर ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या जातीची गोळी कोणी दिली तर ती चालणार नाही. दात काढायला गेले तरी आधी सांगायला सांगा. (हो, औषधांबद्दल मीच सांगतोय. हसू नका.)

डॉ_सुरंगी
हसत नाहीये, बरोबर आहे ते. 🙂 खाडीपलीकडे, पुन्हा प्याले तरी लपवू नका आणि परस्पर एकदम तोडूही नका. सरळ त्याच डॉक्टरांकडे न्या.

शेवंती
सासूबाईंना च्युइंगम आणून दिला. "काही लागत नाही याने" म्हणतात. जेवणानंतर सोलकढी पितात आणि लगेच चघळतात.

केमिस्ट_चिपळूणचा
तिथेच गाडी अडली. आंबट पेयाने तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. सोलकढीनंतर पंधरा मिनिटं थांबायचं. आणि गोळीसारखं कराकरा चावायचं नाही. थोडं चावून झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की परत थोडं चावायचं.

शेवंती
गालात दाबून ठेवायचं शिकवायची गरज पडणार नाही, चाळीस वर्षांचा सराव आहे.